राजघाटच्या पुलावरचा उंचवटा

ढुंढिराज मोघे यांनी एकतीस वर्षं बनारसच्या एका इंटर कॉलेजात गणित शिकवलं. निवृत्त झाले आणि त्यांच्या लक्षात आलं की आता तपासायला कुणाची वहीच उरली नाही. त्रेसष्टाव्या वर्षी रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, पण छातीचे ठोके मिनिटाला एकशे चाळीसच्या वर जाऊ देऊ नका, अशी तंबीही दिली. मग हैदराबादहून मुलीनं, अंतरानं, मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं. कुठे किती वेग होता, किती ठोके पडले, सगळं ते टिपून घेई. मोघे सरांना पुन्हा वही मिळाली. फक्त या खेपेला विद्यार्थी ते स्वतःच होते, आणि त्यांच्याच मतानं विद्यार्थी जरा ढ होता.

सकाळी सहाला मंगला गौरीच्या गल्लीतून ते सायकल हातात धरून निघत. मोठ्या रस्त्याला लागले की टांग मारायची, मच्छोदरीवरून राजघाटचा पूल ओलांडून पडावपर्यंत जायचं आणि परत यायचं. घरी आल्यावर अंघोळीच्या आधी लॅपटॉप. बारा किलोमीटरांपैकी त्यांना रस होता तो एकाच किलोमीटरात, जातानाच्या पुलाच्या. बाकी रस्त्यावर गायी, ई-रिक्षा, खड्डे असं काही ना काही आकड्यांत मिसळायचं. पूल सरळ आणि सपाट. तिथे स्वतःचा दोष दुसऱ्यावर ढकलायची सोय नव्हती.

आणि नेमका तिथेच घोटाळा होता. पुलावर चढताना ठोके एकशे चोवीस, वेग सोळाचा, अगदी शहाण्या माणसासारखा. मग मध्येच कुठेतरी वेग चोवीसवर जाई, ठोके एकशे अठ्ठावन्न. दोन-अडीचशे मीटर हा प्रकार चाले आणि पुढे वेग एकदम दहावर कोसळे. आलेखावर उंटाच्या पाठीसारखा उंचवटा दिसे. रोज.

अंतराच्या फोनवरही हा आलेख दिसायचा. ती घाबरली. तिच्या हट्टापायी सरांनी हृदयाची सगळी तपासणी करून घेतली, दवाखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर पळून दाखवलं. काही निघालं नाही. पत्नीला, प्रमोदिनीबाईंना, हायसं वाटलं. सरांना मात्र थोडं वाईटच वाटलं, कारण उत्तर अजून सापडलं नव्हतं.

त्यांनी कारणं मांडायला घेतली. आधी वाऱ्यावर संशय घेतला. मग पुलाच्या सांध्यांवर. मग पुलाच्या खालच्या मजल्यावरून जाणाऱ्या रेल्वेगाड्यांवर. लोखंड थरथरतं आणि त्याचा परिणाम चाकावर होत असावा, असा सिद्धांत त्यांनी मांडला आणि आठवडाभर गाड्यांच्या वेळा लिहून ठेवल्या. सिद्धांत पडला. अकरा दिवसांचे आलेख त्यांनी एकाखाली एक ठेवले, तेव्हा आणखीच विचित्र गोष्ट दिसली. उंचवट्याची जागा ठरलेली नव्हती. आज तो दोनशे मीटरवर, उद्या सहाशेवर.

प्रमोदिनीबाई निमोन्याच्या रश्शासाठी मटार सोलत बसल्या होत्या. सरांनी त्यांना समोर बसवून सगळं समजावलं. कारण एका जागी असतं तर परिणामही त्याच जागी दिसायला हवा होता, वगैरे. त्यांनी निम्मं ऐकलं असेल.

"म्हणजे ते कारण चालतं-फिरतं आहे," त्या म्हणाल्या. "समोरून रोज कोण येतं?"

दूधवाले येतात, ट्रक येतात, सर सांगू लागले. एक बाई दोन कुत्री घेऊन फिरायला येते.

"आणि?"

सरांनी एक शेंग उचलली. सोलली. दाणे परातीत टाकायच्या ऐवजी टरफलांत टाकले.

"केतकर येतो," ते म्हणाले.

श्रीनिवास केतकर मूळचे साताऱ्याचे. रेल्वेच्या नोकरीनं बनारसला आले आणि निवृत्तीनंतर पडावकडेच घर बांधून राहिले. एके काळी दोघांचं रोजचं जाणं-येणं होतं. सहा वर्षांपूर्वी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात सर भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "माझी आवाज मागेपर्यंत येते ना?" पहिल्या रांगेतून केतकर म्हणाले, "येतो. आवाज येतो." मंडप हसला. चार पिढ्या काशीत काढलेल्या सरांच्या घरात आवाज हा शब्द हिंदीसारखा स्त्रीलिंगीच असायचा. सरांनी भाषण कसंबसं उरकलं आणि त्या दिवसापासून केतकरांशी बोलणं टाकलं.

आता खुर्चीत बसून त्यांनी स्वतःला पुलावर पाहिलं. लांबून सायकलवरच्या केतकरांची निळी टोपी दिसली की ते पोट आत ओढत, श्वास रोखत, गिअर जड करत आणि ताठ बसून दणादण पॅडल मारत. टोपी मागे गेली की पोट सुटे आणि जीव घशाशी येई. अकरा दिवस आलेख काढून, गाड्यांच्या वेळा टिपून, हृदयाच्या डॉक्टरांपर्यंत जाऊन जे शोधलं ते हे होतं. वर्गात एखाद्या पोरानं असं उत्तर काढलं असतं तर त्यांनी त्याला बाकावर उभं केलं असतं. ते एकटेच हसू लागले, आणि हसता हसता त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी प्रयोग करायचं ठरलं. टोपी दिसली तरी पोट सुटं ठेवायचं, वेग सोळाचाच. टोपी दिसली. पोट आपोआप आत गेलं. सरांनी ते बाहेर सोडलं, ते पुन्हा आत गेलं. स्वतःचं पोट आपल्याला विचारत नाही म्हटल्यावर त्यांनी सरळ ब्रेक दाबला, रस्ता ओलांडला आणि हात दाखवून केतकरांना थांबवलं.

केतकर उतरले. मान ताठ, चेहरा लाल. पण बोलता येईना, धाप लागली होती. तेव्हा सरांना त्यांच्याही मनगटावर घड्याळ दिसलं.

"केतकर, इथे तुमचे ठोके किती होतात?"

केतकरांनी कठडा धरला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"एकशे एकसष्ट," ते म्हणाले. "मुलगा म्हणतो, डॉक्टरांना दाखवा."

सरांनी त्यांना कारण सांगितलं, पोटासकट. केतकरांनी ऐकून घेतलं आणि खाली बघितलं. आपण त्या दिवशी मंडपात शहाणपणा केला तो चुकलाच, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी यायला निघालो होतो, गल्लीजवळच्या चौखंब्यापर्यंत आलो आणि परत फिरलो. सर म्हणाले की आला असतात तर मी दार उघडलं नसतं. मग पडावला जाऊन त्यांनी कुल्हडातून चहा घेतला, सरांनी बिनसाखरेचा.

त्यानंतर केतकर रोज पूल ओलांडून राजघाटाशी येऊन थांबू लागले आणि दोघं बरोबर पडावकडे जाऊ लागले. गप्पांमुळे पुलाची वेळ पावणेचार मिनिटांवरून साडेपाचवर गेली. घड्याळानं तब्येत खालावत असल्याचा इशारा दिला, आणि अंतराचा काळजीचा फोन आला. सरांनी तिला सगळं खरं सांगितलं. ती इतकी हसली की त्यांना फोन कानापासून दूर धरावा लागला.

एक गोष्ट मात्र त्यांनी तिला सांगितली नाही. केतकर भेटले त्या दुपारी त्यांनी कागद घेऊन दोघांचे ठोके वयाप्रमाणे कमाल मर्यादेच्या किती टक्के भरतात ते काढून पाहिलं होतं. केतकर तीन वर्षांनी मोठे, त्यामुळे दोघांतला फरक कमी न होता उलट सरांच्या बाजूनं वाढलाच होता. सरांनी गणित दोनदा तपासलं. गणित बरोबर होतं.