इंजिनाचा श्वास: ढाणकी ते वणी

मी चौथीत जाईपर्यंत आमच्या घराचं प्रवासाचं वाहन एकच होतं, ऊसतोडीला जाणारी ट्रॅक्टरची ट्रॉली. भांडी खाली, माणसं वर. शाळा अर्धी तांड्यावर (आमच्या वस्तीवर), अर्धी उसाच्या फडात. पुढं मी शाळेसाठी मागं राहिलो, घरचे मात्र दर हंगामात ट्रॉलीत चढतच राहिले. अशा तांड्यातला मी पहिला इंजिनिअर. म्हणून वणीच्या मुलाखतीसाठी मामानं आपली जुनी गाडी मोठ्या मनानं दिली. एका वर्कशॉपमध्ये गाड्यांचे बिघाड शोधणारा हवा होता. दुपारी तीनला हजर व्हायचं, उशीर झाला की दार बंद.

आदल्या दिवशी याडीनं (आईनं) विचारलं, "इंजिन श्वास कुठून घेते रे?"

मी बॉनेट उघडून पुढच्या जाळीमागं दडलेलं हवेच्या नळीचं तोंड दाखवलं. चार वर्षांच्या शिक्षणाचा घरात पहिल्यांदाच उपयोग होत होता, म्हणून जरा जास्तच समजावलं.

सकाळी ढाणकीहून निघालो. मुलगा साहेब होताना पाहायचा म्हणून याडीही सोबत. महागावपर्यंत सगळं ठीक. आर्णीच्या पुढं चढावर गाडीला धाप लागली आणि इंजिनाचा पिवळा दिवा पेटला. खोटं कशाला सांगू, मी खूश झालो. स्टीअरिंगखाली बिघाड वाचणारा स्कॅनर जोडला. कोड आला: इंजिनाला हवा कमी पडतेय. हवा मोजणारा सेन्सर काढून स्प्रेनं धुतला, कोड पुसला. दिवा विझला. घाटंजीच्या अलीकडं पुन्हा पेटला. पुन्हा पुसला.

"तू दिवा दुरुस्त करून राह्यला का गाडी?" याडी म्हणाली.

पांढरकवड्याला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. आमचे पूर्वज बैलांवर मीठ लादून साधारण याच वेगानं जात असावेत. ढाब्यावर याडीनं ज्वारीच्या बाट्यांची (भाकरींची) आणि ठेच्याची शिदोरी सोडली. मी घास हातात धरून स्कॅनरवरचे आकडे वाचत होतो. शेजारी कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर चहा पीत होता.

"काय झालं साहेब?"

मी त्याला सेन्सर, व्होल्टेज, सगळं ऐकवलं. त्यानं चहा संपवला.

"म्हणजे मशीन म्हणते, हवा नाही येऊन राह्यली."

"हो."

"मंग हवेचा रस्ता पाह्यला का?"

तेवढाच पाहिला नव्हता. त्यानं बॉनेट उघडायला लावलं, जाळीमागं हात घातला आणि लाल कापडात बांधलेला नारळ बाहेर काढला. कापडाचं टोक नळीत ओढलं गेलं होतं.

"हे कोनं बांधलं?"

"म्या," याडी म्हणाली. "यानंच जागा दाखवली. आशीर्वाद श्वासासंगं आत गेला पायजे ना."

"गेला ना माय. वीतभर आत गेला."

नारळ तिथंच फोडला, ड्रायव्हरलाही दिला. पुढचं निसर्गवर्णन मागू नका; कपाशी होती, एवढंच आठवतं. रस्त्याकडेची झाडं कोळशाच्या धुळीनं काळी दिसू लागली तेव्हा वणी आली हे कळलं. तीनला दहा मिनिटं कमी होती.

मुलाखतीत विचारलं, "हवा कमी असल्याचा कोड आला, तर आधी काय कराल?"

"हवेचा रस्ता पाहीन," मी म्हणालो. "मग घरात कोणी पूजा केली का, ते विचारीन."

परतताना गाडीला चढावर एकदाही धाप लागली नाही. स्कॅनर सकाळपासून खरंच बोलत होता. पदवीधरानं फक्त ऐकायचं बाकी ठेवलं होतं. याडी नारळाचं कापड घडी घालून मांडीवर घेऊन बसली होती. आता ती ते गाडीतल्या आरशाला बांधते.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. आमच्या घरात महिन्याच्या पगाराची पहिली नोकरी मला लागली, आणि यंदा आमच्याकडून कुणीही ऊसतोडीच्या ट्रॉलीत चढलं नाही.