जळमटांच्या झाडूचा बांबू

भोसरीच्या एमआयडीसीत ज्योतीराम नावाची चार तरी माणसं निघतील, पण पॅकिंगवाला ज्योतीराम म्हटलं की बोट एकाकडेच जातं. भूम तालुक्यातून एकोणिसाव्या वर्षी आला, एका वर्कशॉपात चिकटला आणि साठी उलटली तरी तिथंच आहे. लोखंडाचे चकचकीत शाफ्ट परदेशी जायचे, त्यांना खोक्यात निजवायचं काम त्याचं. निजवायचं म्हणायचं कारण, तान्ह्या लेकराला दुपट्यात गुंडाळावं तसा तो एकेक शाफ्ट फोममध्ये गुंडाळायचा. खोका भरला की त्याला कान लावायचा, एक बाजू जराशी उचलायची, परत टेकवायची. आतून नुसतं टक् झालं तरी सगळं उघडून पहिल्यापासून.

“माल बोलला न्हाई पाहिजे,” एवढंच म्हणायचा.

माल एकदाच बोलला होता. वडील वारले म्हणून ज्योतीराम अर्धा भरलेला खोका सोडून गावी गेला आणि तो दुसऱ्या कुणीतरी बंद केला. दोन महिन्यांनी परदेशातून फोटो आले, सहा शाफ्टना खोचा पडलेल्या. खोक्यावर चिठ्ठी ज्योतीरामच्या नावाची. मालकानं कामावरून काढलं नाही, पण सगळ्यांसमोर ते फोटो त्याच्या हातात दिले. तेव्हापासून त्यानं भरायला घेतलेल्या मालाला दुसऱ्याचा हात म्हणून लागू दिला नाही.

ही खोड घरीही आली. कौशल्याबाई, त्याची बायको, शेजारणींना सांगायची, “आमच्यात लोणच्याच्या बरणीलासुद्धा स्वेटर असतो गं बाई.”

तर ही गोष्ट त्यांच्या नातीची, वर्षालीची, आणि तिच्या गोल्फच्या काठ्यांची. ज्योतीरामचा मुलगा निरंजन दिघीकडच्या लष्कराच्या मैदानावर गवत कापायच्या मशीनवर आहे. सुट्टीत पोरगी बापाबरोबर जायची. तिथं खेळायला येणाऱ्या एका रिटायर साहेबांनी तिच्या हातात काठी दिली आणि पोरीनं पांढरा चेंडू असा काही भिरकावला की साहेब टोपी काढून बघत राहिले. ती तेव्हा दहा वर्षांची होती. आता सोळाची आहे.

मागच्या वर्षी हैदराबादला स्पर्धेला बसनं गेली. काठ्यांची पिशवी डिकीत कुणाच्या तरी ट्रंकेखाली दबली आणि ड्रायव्हरची मान मोडली. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब काठी, लांबचा फटका मारायची. दांडा कार्बनचा, वजनाला पीस, आणि टोकाला मोसंब्याएवढं डोकं. (“काठीचं नाव ड्रायव्हर, तर मग कंडक्टर कुठाय?” असं कौशल्याबाईनं तेव्हाच विचारलं होतं, पण कुणी हसलं नव्हतं.) पोरगी उसन्या काठीनं खेळली, शेवटून तिसरी आली आणि आठ दिवस कुणाशी बोलली नाही.

यंदा कोलकात्याला एका गोल्फ अकादमीची निवड होती. देशभरातल्या मुलींतून सहाजणी घेणार, वर्षभर शिकवणार, राहण्या-जेवण्यासकट सगळं त्यांच्याकडं. विमानाचं तिकीटही त्यांनीच पाठवलं. साहेबांनी आपला जुना ड्रायव्हर तिला दिला आणि म्हणाले, “सांभाळ बेटा. आता दुसरा माझ्याकडे नाही.”

ते वाक्य ज्योतीरामनं ऐकलं आणि त्याची झोप उडाली.

पहिल्या दिवशी त्यानं प्लायवूडची पेटी आखली. वजन भरलं सव्वीस किलो, आणि विमानात परवानगी पंधराची.

“आबा, मला खेळायला जायचंय,” वर्षाली म्हणाली, “तुम्ही मला एक्स्पोर्ट करायला निघालात!”

पेटी रद्द झाली. मग कापडी पिशवीच आतून बांधायची असं ठरलं. लहान काठ्यांच्या लोखंडी डोक्यांना जुने मोजे चढले. दांडे तीन-तीन करून प्लॅस्टिकच्या फिल्मनं आवळले. मानांच्या मध्ये टॉवेल, टॉवेलांच्या मध्ये फोम आणि मधोमध ड्रायव्हर. वर्षाली शेजारी बसून म्हणाली, “मला पण दाखवा ना, मी गुंडाळते एक.”

“तू नुस्तं बघ. हात लावू नको.”

“काठ्या माझ्या आहेत, आबा.”

“पॅकिंग माझं हाय.”

सगळं झालं आणि ज्योतीराम त्या पिशवीकडं बघत उभाच राहिला. विमानातून हमाल ही कशी उतरवतील? कोण कशाला सरळ ठेवतोय. उलटी आदळणार. उलटी आदळली की सगळ्यात उंच कोण? ड्रायव्हर. सगळा दणका त्याच्याच डोक्यावर.

“खांब पायजे,” तो स्वतःशीच पुटपुटला. ड्रायव्हरपेक्षा चार बोटं उंच असा दांडा मधोमध उभा केला, तर मार त्याच्यावर जाईल. लोखंडी पाइप जड. लाकडी दांडका बसेना. फिरता फिरता नजर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेली. तिथं जळमटं काढायचा झाडू उभा होता, हलका, सरळ, वाळलेला बांबू.

“अवो, हात नका लावू त्याला!” कौशल्याबाई लाटणं घेऊनच उठली. “दिवाळीला जळमटं काय तुमच्या मिशीनं काढू?”

“नवा आणतो.”

“आणलाय तुम्ही नवा. चार वर्षं झाली, मिक्सरचं झाकण आणायलात अजून.”

बांबू कापला गेला. वरच्या टोकाला चिंध्यांचा गोळा बांधून तो ड्रायव्हरच्या शेजारी रोवला. पिशवीला कान लावला, उचलली, टेकवली. गप्प. वर्कशॉपच्या काट्यावर वजन चौदा किलो दोनशे. चेनला त्यानं आपला नेहमीचा पांढरा दोरा बांधला, तीन गाठींचा.

जायच्या दिवशी दोन वाजताचं विमान. निरंजनची शिफ्ट होती, म्हणून आजी-आजोबाच रिक्षानं निघाले. भोसरी ते लोहगाव अख्खा रस्ता ज्योतीराम पिशवीला मिठी मारून बसला होता. खड्डा आला की रिक्षावाल्याला “हळू रे भावा” म्हणायचा आणि दोऱ्याच्या गाठी मोजायचा. तीन. बरोबर.

विमानतळाच्या दारात शिपायानं दोघांना अडवलं. तिकीट नाही तर आत जाता येत नाही. वर्षाली आजीच्या पाया पडली, आबांच्या पाया पडली आणि ट्रॉली ढकलत काचेच्या पलीकडं गेली. पिशवी दिसेनाशी होईपर्यंत ज्योतीराम टाचा उंचावून बघत होता.

पंधरा मिनिटांनी फोन आला. “आबा, वजन झालं. चौदा चारशे. बॅग गेली पट्ट्यावर.”

“किती?”

“चौदा चारशे. पंधराच्या आत आहे, टेन्शन नका घेऊ.”

तिनं ठेवला. ज्योतीराम फोनकडं बघत राहिला. “दोनशे ग्रॅम कुठनं आले?”

“काटा वेगळा असंल त्यांचा,” कौशल्याबाई म्हणाली. आणि वर एकही विमान नसताना आभाळात बघायला लागली.

“काट्यात दोनशेचा फरक पडत न्हाई.”

“उन्हानं पडत असंल.”

ज्योतीरामनं तिच्याकडं बघितलं. तिनं पदर सारखा केला. तो काही बोलणार एवढ्यात फोन परत वाजला.

वर्षालीचा आवाज बारीक झाला होता. “आबा, माझं नाव पुकारलं. आत एका खोलीत बोलावलंय. बॅग उघडायला लावतायत. मशिनीत काहीतरी दिसलं म्हणे.”

ज्योतीराम फुटपाथच्या कठड्यावर बसला. “काय दिसलं?”

आतून बाईमाणसाचा दमदार आवाज ऐकू आला, मग दोरा तोडल्याचा, मग चेनीचा सर्र आवाज. मग वर्षाली. “आबा... खोबरं आहे. टॉवेलच्या मध्ये. दोन वाट्या, खणात बांधलेल्या, तांदूळ, हळकुंड.”

ज्योतीरामनं हळूच मान वळवली. कौशल्याबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

“लेकरू लांब निघालं,” ती म्हणाली. “रिकामी ओटी कशी पाठवू? तुम्ही अंघोळीला गेला तवा मऊ जागा बघून ठिवलं.”

“आन् गाठी?”

“तीनच मारल्या की. चाळीस वर्षं बघतेय.”

फोनमधून त्या बाई सांगत होत्या, “सुकं खोबरं विमानात चालत नाही. तेल असतं त्यात, पेट घेतं. हे इथंच ठेवा आणि बॅग पटकन बंद करा. दहा मिनिटं आहेत.”

दहा मिनिटं. आणि तो काचेच्या बाहेर. सहा शाफ्टचे फोटो त्याच्या डोळ्यांसमोर आले. एकदा त्याच्या माघारी खोका बंद झाला होता तेव्हा काय झालं ते त्याला ठाऊक होतं. तो ताडकन उठून दाराकडं गेला. “दादा, दोन मिनटं आत सोडा. माझं पॅकिंग उघडलंय.”

“तिकीट?” शिपाई म्हणाला.

“तिकीट न्हाई, पर पॅकिंग माझं हाय!”

“काका, मागं व्हा.”

“आबा,” फोनमधून वर्षाली रडवेली झाली होती, “सगळे टॉवेल बाहेर आलेत. काय करू? सांगा ना.”

ज्योतीराम मागं झाला. गाड्यांचे हॉर्न वाजत होते. त्यानं एका कानावर हात दाबला. “रडू नको. बघितलंस ना तू? मी बांधत हुतो तवा?”

“बघितलं.”

“मग पयला काय?”

“पहिला... मोठा टॉवेल, ड्रायव्हरच्या मानेला. दोन वेढे.”

“घाल. मग?”

ती एकेक सांगत गेली, तो हूं हूं करत गेला. सहा मिनिटं उरली. मग तो एकदम म्हणाला, “खांब? बांबू कुठाय?”

“बाहेरच राहिला, आबा. खाली पडलाय टेबलाच्या.”

“आधी तो! टॉवेल सैल कर. ड्रायव्हरला चिकटून, तळापर्यंत. वरून चार बोटं जास्त हाय का बघ.”

“आहेत चार बोटं.”

“माझी का तुझी?”

“माझी.”

“चालतंय. आता फोन पिशवीला लाव, आन् हलव.”

फोन पिशवीला लागला. कसल्या तरी घोषणा, ट्रॉल्यांचा खडखडाट आणि त्या सगळ्याखाली, अगदी बारीक, टक्.

“बोलली,” ज्योतीराम म्हणाला. “खोबरं काढलं तिथं पोकळी झालीय. काहीतरी भर तिथं.”

“काय भरू? काहीच नाहीये माझ्याकडे.”

“त्यो खण,” कौशल्याबाई एकदम ज्योतीरामच्या खांद्यावरून फोनमध्ये ओरडली, “तांदळाची पुरचुंडी कर आन् खणासकट खुपस तिथं!”

आतून बाई म्हणाल्या, “चला, मुली, झालं का?” वर्षालीनं परत पिशवी हलवली, पण नेमकी तेव्हाच घोषणा सुरू झाली आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही.

“आबा, मी कान लावला,” ती म्हणाली. “नाही बोलत.”

“नक्की?”

“नक्की.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याला दुसऱ्याच्या कानावर भरवसा ठेवायचा होता.

“लाव चेन,” तो म्हणाला.

दोघं रिक्षानं घरी आले. कौशल्याबाईनं भात टाकला, तो तसाच झाकून राहिला. ज्योतीराम दाराशी फोन मांडीवर घेऊन बसला. विमान उतरायची वेळ झाली, पाऊण तास वर गेला, तरी फोन नाही. पोरीनं पिशवी उघडली असेल, मान मोडलेली बघून बसली असेल आणि आबांना सांगायची हिंमत होत नसेल, असं त्यानं मनात पुरतं ठरवून टाकलं.

शेवटी फोन वाजला. “आबा, बॅग सगळ्यात उशिरा आली. वरचं कापड फाटलंय. डोक्यावरच आपटली होती कुणीतरी.”

“ड्रायव्हर?” त्यानं विचारलं.

“ड्रायव्हर ठणठणीत. मी दोनदा बघितला, मानेवर नख फिरवून. बांबू तडकलाय. वरून खालपर्यंत उभा.”

ज्योतीरामनं डोळे मिटले. “तडकू दे. त्याला त्याच्यासाठीच घातला.”

“येताना मीच बांधणार आहे. इथं कुठं बांबू मिळेल का बघते.”

“चार बोटं जास्त,” तो म्हणाला, “तुझी चार बोटं.” आणि फोन खाली ठेवून बराच वेळ चष्मा पुसत बसला.

कौशल्याबाईनं ताट वाढलं. त्याच्या समोर बसली. “खोबऱ्याचं काय केलं त्यांनी?”

“ठिवून घेतलं.”

“खाल्लं असंल,” ती म्हणाली. “चांगलं गोड होतं.” मग भाताचं भांडं पुढं सारत तिनं हळूच विचारलं, “बांबू पार गेला व्हय?”

“पार गेला.”

“मग उद्या झाडू आणा. आन् या खेपेला दोन आणा.”