विहीणबाईंचं ओकचं झाड

आमच्या विहीणबाईंना डावं-उजवं माहीतच नव्हतं. जेवायला बसल्या की म्हणायच्या, "मीठ जरा पूर्वेला सरकवा." नातीला निजवताना, "हिचं डोकं उत्तरेला नको." जन्मभर पुण्यात शाळेत भूगोल शिकवला, रिटायर झाल्या, पण फळा काही सुटला नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पहिल्या दिवशी मला कळेना मीठ न्यायचं कुठं. वाटी उचलली आणि त्यांच्या पुढ्यात आदळली. म्हणलं, "ही घ्या तुमची पूर्व." त्यांनी ती वाटी दोन बोटं बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "ही पूर्व." असल्या बाया तुम्हीही बघितल्या असतील. त्यांच्याबरोबर एका घरात राहिलाय का, ते सांगा.

त्यांची मेधा माझी सून. माझा श्रीकांत जर्मनीत वोल्फ्सबुर्गला मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर. तिथून जवळच्या खेड्यात त्यांनी नवं घर घेतलं. खेडं म्हणायचं आपलं, कोंबडा नाही की शेण नाही. नात झाली, सई, तेव्हा आम्ही दोघी तिथं गेलो. व्हिसा तीन महिन्यांचा, म्हणून पुढं दोघींच्या पाळ्या लावल्या. उन्हाळा बाईंचा, हिवाळा माझा. का, तर बाईंना दमा, त्यांना थंडी सोसत नाही. मला काय सोसत नाही ते कुणी विचारलं नाही. सप्टेंबरात बाई जायच्या, मी यायची, मधले काही दिवस दोघी एकत्र. त्या दिवसांत मेधा दबकून चालायची.

ते पहिलं वर्ष दोन हजार तीन. त्या उन्हाळ्यात जर्मनी नुसती भाजून निघाली. दुकानातले पंखे संपले. नवी वसाहत, सगळीकडं उघडी माती, झाड म्हणून नाही. बैठकीची काच पश्चिमेला, जमिनीपासून छतापर्यंत. सईचा पाळणा तिथंच. दुपारी तीननंतर ते पोर लालभडक व्हायचं. श्रीकांत बाहेरचे पडदे खटाखटा खाली ओढायचा, मग दिवसा दिवे लावायचे. बाई म्हणाल्या, "ही सावली नव्हे जावईबापू, हा अंधार आहे. सावली झाड देतं. झाड घाम गाळतं म्हणून त्याच्याखाली गार लागतं. तुमचा पडदा घाम गाळतो का?"

मला हसू आलं. मी माण तालुक्यातली. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली, पाठीशी पोर बांधून. सावली म्हणजे डोक्यावरचा पदर, एवढंच आम्हाला ठाऊक. जगलं ते पोर. त्याच्यामागं श्रीकांत झाला, नवरा गेला, तरी सगळं झालं. त्यामुळं सावलीवर एवढी चर्चा मी पहिल्यांदाच ऐकत होते.

श्रीकांत आम्हाला झाडांच्या मोठ्या दुकानात घेऊन गेला. बाईंनी तिथं जे तोंड सोडलं! लाल पानांचं झाड बघितलं, "हे लिपस्टिक लावलेलं." गोल कापलेलं बघितलं, "हे न्हाव्याकडून आलेलं." कुंपणाच्या हिरव्यागार रांगेला म्हणाल्या, "ही झाडं नव्हेत, ह्या भिंती आहेत, फक्त पाणी पितात." श्रीकांतनं एक आठ फुटी दाखवलं, म्हणाला, "बाई, हे उद्या येऊन लावून देतात." बाई म्हणाल्या, "लग्नाच्या दारातले केळीचे खांबही उद्या येऊन लावून देतात. परवा काय होतं त्यांचं?" मग बोट नाचवून सांगितलं, "जे इथल्या मातीत आपोआप येतं तेच लावायचं. इथला ओक. त्याच्यावर इथले किडे जगतात, किड्यांवर पाखरं. हे लिपस्टिकवालं कुणाला जगवतं?"

मी विचारलं, "ते तुमचं ओक सावली कधी देतं?"

"पंधरा-वीस वर्षांनी बरी म्हणावी अशी."

"तोवर सई सासरी जाईल की."

"जाऊ दे. माहेरी येईल तेव्हा बसेल."

घ्या आता. ह्या बाईला दम्यानं जिना चढवत नाही, आणि ही वीस वर्षांनंतरची बैठक मांडून बसली.

जायच्या आधी त्यांनी वसाहतीबाहेर, रस्त्याकडेच्या जुन्या ओकाखालच्या बिया वेचून आणल्या. टोपी घातलेल्या सुपारीसारख्या असतात. बादलीत पाणी घेऊन त्यात टाकल्या. तरंगल्या त्या फेकल्या, बुडाल्या त्या ठेवल्या. कुंडीत लावायला मी कुंडी पुढं केली तर माझ्यावरच डाफरल्या, "अहो विहीणबाई, याचं मूळ आधी खाली जातं, मग वर पान. कुंडीत ते गुंडाळून बसेल. जागेवरच लावायचं." बागेच्या उत्तरेच्या टोकाला, शेजारच्या म्हाताऱ्याच्या कुंपणाजवळ, बी पुरलं, वरून उंदरांसाठी जाळी. म्हणाल्या, "इथं टेबल मांडू, दुपारी बरोबर डोक्यावर सावली येईल." आणि गेल्या पुण्याला.

वर्षानं वर आलं ते काय, वीतभर काडी आणि चार पानं. दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढं. आमचा चवळीचा वेल आठवड्यात तेवढा जातो. त्या जूनमध्ये बाई पोचायच्या आधी वटपौर्णिमा आली. मेधाच्या मैत्रिणी फ्रँकफर्टहून, ब्राउनश्वाइगहून आल्या होत्या. वड कुठला मिळायला? त्या गुडघ्याएवढ्या ओकाभोवती नटूनथटून फिरल्या सगळ्या, आणि दोरा गुंडाळला. चार दिवसांनी बाई आल्या, बॅग दारात टाकली, कात्री मागितली. दोरा कोवळ्या सालीत रुतला होता. तो कापता कापता म्हणाल्या, "सात जन्म नवरा मागता, आणि झाडाचा एक जन्म धड जाऊ देत नाही!" मेधानं हे मला फोनवर रडत रडत सांगितलं. मी तिला गप्प केलं आणि फोन ठेवून पोटभर हसले.

त्याच सप्टेंबरात मी तिथं पोचले. बाईंचे जायचे दिवस. दुपारची वेळ, बाई कुंपणाशी दोरीवर चादर वाळत घालत होत्या. मी दारात सईला भरवत होते. बघते तर बाई ओली चादर हातात धरून पुतळ्यासारख्या उभ्या. पाणी त्यांच्या पावलांवर ठिबकतंय. मला वाटलं दम लागला. धावले.

"काय होतंय?"

"काही नाही. माझी सावली कुठं पडलीये बघा."

बघितलं. त्यांची सावली लांबच्या लांब कुंपणापलीकडं, त्या म्हाताऱ्याच्या कोबीवर.

"पडली तर पडली. त्याचा कोबी काही मरत नाही."

"अहो, भरदुपार आहे! पुण्यात या वेळी सावली पायाखाली असते. इथं सूर्य कधी डोक्यावर येतच नाही. सदा दक्षिणेला. सावली कायम उत्तरेला." चादर तशीच खांद्यावर टाकली. "मी झाड उत्तरेला लावलं. सगळी सावली शेजाऱ्याची. पोरीच्या काचेवर एका पानाची सावली नाही पडणार."

रात्री जेवताना त्यांनी ते जावयासमोर सांगितलं. मान खाली न घालता. "मी आयुष्यभर मुलांना पृथ्वीचा आस शिकवला, आणि येताना सूर्य मात्र पुण्याचाच घेऊन आले. मूर्ख बाई आहे मी." लाल पानांच्या झाडाला बोलल्या होत्या त्याच आवाजात. मी पाटील बघितले, मास्तर बघितले, इंजिनियर तर घरातच आहे. चुकलं, असं ह्यातल्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

श्रीकांत म्हणाला, "राहू द्या हो बाई, आपण पुढं दुसरं लावू."

"आणि हे?"

"हे काय, राहील तिथंच."

"तीनशे वर्षं राहील! माझी चूक तीनशे वर्षं उभी राहील, जावईबापू. ते हलवायलाच हवं. आणि याच हिवाळ्यात. पुढच्या वर्षी मूळ इतकं खोल जाईल की हलवलं तर मरेल." मग माझ्याकडं वळल्या. त्या पहिल्यांदा माझ्याशी हळू बोलल्या. "पण झाड थंडीत झोपेपर्यंत थांबावं लागतं. नोव्हेंबर. मी तेव्हा इथं नसेन."

मी ताटं उचलली.

नोव्हेंबरात त्या काडीवर वाळकी पानं तशीच चिकटून होती, मेली तरी सोडायला तयार नाहीत. ते बाईंनी आधीच बजावलं होतं, "लहान ओक पानं टाकत नाही, मेलं म्हणून उपटू नका." एका शनिवारी श्रीकांत ऑफिसच्या कामात, म्हणून मीच फावडं घेतलं. आधी काचेपुढं दक्षिणेकडच्या अंगाला नवा खड्डा घेतला, मग जुन्या जागी लागले. थंडीनं माती दगड झालेली. मेधानं पुण्याला फोन लावून माझ्या कानाशी धरला.

"खोल गेलात का?"

"मांडीएवढं."

"मूळ कसं आहे?"

"तुमच्यासारखं. सरळ खाली, वाकायचं नाव नाही."

"तोडू नका."

"मग या हितं आणि तुम्ही खणा. आल्या मोठ्या पुण्यात बसून तोडू नका सांगणाऱ्या."

तिकडून हसण्याचा आवाज आला, आणि मागून खोकला. तो खोकला थांबेचना. मेधानं फोन बाजूला नेला. मी खणत राहिले. मूळ जवळजवळ सगळं निघालं, शेवटाला चार बोटं तुटलं. नव्या जागी उभं केलं, माती पायानं दाबली, पाणी घातलं. माझे गुडघे त्या दिवसापासून गेले ते गेलेच.

पुढच्या जूनला बाई येऊ शकल्या नाहीत. फुफ्फुसं धरली होती, दवाखान्यात होत्या. त्यांच्या जागी मी गेले, पाळ्या लागल्यापासून पहिल्यांदा मला उन्हाळा मिळाला. सगळ्या वसाहतीत हिरवं, आणि आमची काडी तशीच काडी. फोनवर बाईंचा एकच प्रश्न, "कोंब आले?" श्रीकांत मला खुणावून म्हणाला, "आई, आले म्हण ना. तेवढंच बरं वाटेल त्यांना." ज्या बाईनं आपली चूक भरल्या ताटावर सांगितली, तिला मी खोटं सांगू?

"नाही आले," म्हणलं.

तिकडून आधी खोकला आला. मग म्हणाल्या, "नखानं साल खरवडा. जरा."

गेले, खरवडली, परत आले. "हिरवं आहे आत."

"मग ते जिवंत आहे. आता रोज जाऊन त्याचं तोंड बघू नका. काम करू द्या त्याला."

त्यानंतर बोलणं झालं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी बाई गेल्या. मेधा सईला घेऊन पुण्याला धावली. घरात मी आणि श्रीकांत. त्या आठवड्यात काडीच्या वरच्या टोकाला नाही, खाली बुडाशी, तांबूस कोंब फुटला. वरचं वाळलं ते वाळलंच. श्रीकांत म्हणाला, "वाकडं येईल आता." म्हणलं, "येऊ दे."

आता ते माझ्यापेक्षा उंच आहे. बुडाशी खरंच वाकडं, मग सरळ. दुपार कलली की त्याची सावली काचेकडं सरकते, अजून काचेला लागत नाही. वाटेतल्या गवतावर एका खुर्चीपुरती पडते. मी तिथं बसते. पण सगळी सावली एकटीनं घेतली की कुणीतरी टोकेल असं वाटतं, म्हणून खुर्ची थोडी उन्हात ठेवते.