दिल्या घरची गाडी

रविवार, ४ फेब्रुवारी २०२४. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी आणि माझी नात येडगावच्या घरातून निघालो. मंचरजवळ एक जुनी मोटार पाहायची होती, आणि पसंत पडली तर त्याच दिवशी घरी आणायची होती.

दिवस लांबणीवर टाकता येण्यासारखा नव्हता. नात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात स्कूटरवरून पडून तिची डावी मांडी मोडली. आत सळई बसवली. एक सत्र बुडाले. कॉलेजने कळवले होते की या सोमवारपासून रोज हजर राहिली तरच तिला परीक्षेला बसता येईल. नाही तर वर्ष गेले. कॉलेज मंचरच्या पलीकडे आहे. एसटीत उभे राहणे तिला शक्य नव्हते, आणि प्रत्येक गतिरोधकाला ती डोळे मिटून मांडी दाबून धरी.

क्लच तिच्या पायाला झेपणारा नव्हता, म्हणून गाडी आपोआप गिअर बदलणारी हवी होती. तशी नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेरची होती. तिने मोबाइलवर महिनाभर शोध घेतला आणि एक गोष्ट मला समजावून सांगितली. मोठ्या साहेबांच्या गाड्या बारा-तेरा वर्षांनी एखाद्या साध्या छोट्या गाडीच्या भावात मिळतात. त्या सांभाळायला महाग, म्हणून आपल्या भागात कोणी हात लावत नाही. पण नीट निवडली तर आणखी पाच-सात वर्षे चालते आणि हादरा लागत नाही. पैसे तिचे होते. दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले, आणि मोडकी स्कूटर विकून आलेले. शेजाऱ्यांना सुगावा लागला तेव्हा एकाने मला रस्त्यात अडवून विचारले होते, "काय आबा, यंदा खासदारकीला उभं राहताय म्हणं?"

तिने वहीत अटी लिहून काढल्या होत्या. इंजिन थंड असताना आपल्यासमोर सुरू करायचे. दुरुस्तीचे सगळे कागद पाहायचे. आपल्या माहितीच्या मेकॅनिककडून गाडी खालून-वरून तपासून, त्याचे यंत्र लावून पाहायचे. हे झाल्याशिवाय पैशाचे बोलायचे नाही. मी वाचून मान्यता दिली. मी छत्तीस वर्षे पाटबंधारे खात्यात कालव्यावर काढली. माझे टिपणही याहून वेगळे झाले नसते. मंचरचा एक मेकॅनिक तिने अकरा वाजता यायला सांगून ठेवला होता. माझे काम एवढेच होते की वडीलधारा म्हणून बोलायचे आणि अटींवरून हलायचे नाही.

जीप बदलून आम्ही नऊच्या सुमारास पोहोचलो. हमरस्त्यालगत नवा बंगला, पुढे फरशी, फरशीवर काळी, लांब, धुऊन पुसलेली गाडी. विकणारा चाळिशीचा, प्लॉटच्या व्यवहारांत असलेला माणूस. त्याने "या काका" म्हणून बसवले. नात बसली नाही. ती गाडीला फेरी मारून आली आणि माझ्याजवळ वाकून म्हणाली, "आबा, बॉनेट गरम आहे."

याचा अर्थ मला कळला. आम्ही येण्यापूर्वी इंजिन चालवून ठेवले होते. थंड इंजिनाचा आवाज आम्हाला ऐकू द्यायचा नव्हता, किंवा गाडी नुसती धुण्यासाठी हलवली होती. दोन्ही शक्य होते. मी ते विचारणार होतो.

तेवढ्यात त्याची आई पाणी घेऊन बाहेर आली. आमच्याकडे पाण्याबरोबर गाव विचारतात. मी येडगाव सांगितले. तिने आडनाव विचारले. मी सांगितले. तांब्या तिच्या हातातच राहिला.

"तुमी आमच्या थोरल्या वैनींचे भाऊ का?" ती म्हणाली. "मी त्यांची चुलत जाऊ. नाकावरनं वळाकलं मी."

माझी बहीण घोडेगावकडे दिलेली होती. तिला मूल नव्हते. ती जाऊन नऊ वर्षे झाली, तिचे यजमान त्याआधीच गेले, आणि त्या घराशी माझा संबंध उरला नव्हता. त्यांच्या भावकीतले हे घर शेती विकून हमरस्त्यावर आले होते, हे मला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. विकणारा उठून माझ्या पाया पडला. त्या क्षणापासून मी काकाचा मामा झालो.

इथे एक रीत सांगितली पाहिजे. ज्या घरात आपली मुलगी दिली, त्या घरात मुलीकडच्या माणसाने उणे काढायचे नाही. जेवण खारट झाले तरी वाढलेले संपवायचे. हिशेब विचारायचा नाही. आवाज चढवायचा नाही. मुलगी आहे तोवर तिला त्रास होऊ नये म्हणून हे असते. ती गेल्यावर ते संपायला हवे. पण राहते. माझ्या वडिलांनी ते पाळले, मीही पाळले. बहिणीच्या लग्नानंतरच्या चौथ्या वर्षी मी तिच्याकडे गेलो असताना ती दोनदा काहीतरी बोलायला म्हणून दारापर्यंत आली होती. मी चहा संपवला आणि परतीची एसटी धरली. तिला काय सांगायचे होते ते मी पुढेही विचारले नाही.

चहा आला, मग पोहे आले. म्हातारी बहिणीच्या आठवणी सांगू लागली. वैनी लई शिस्तीच्या होत्या, भाकरी एका मापाच्या थापायच्या, मला लुगडं नेसायला त्यांनी शिकवलं. मी ऐकत होतो. यांतली एकही गोष्ट मला माहीत नव्हती. नात वही मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत होती.

शेवटी तिने स्वतःच विषय काढला. आमचा मेकॅनिक अकराला येईल, तो एकदा गाडी बघेल, असे ती नीट शब्दांत म्हणाली. विकणारा हसला. तो तिला काही बोलला नाही; बोलला ते माझ्याशी.

"मामा, बघू द्या की. आपलीच गाडी आहे. फक्त आईला वाईट वाटंल. मामानं आपल्या घरात पंच बसवला म्हणंल."

म्हातारी आत गेली आणि तबक घेऊन आली. नातीला कुंकू लावले, खण दिला. गाडीच्या बॉनेटवर हळद-कुंकू वाहिले, नारळ ठेवला, तो उचलून माझ्या हातात दिला. माझ्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर उपरणे आले. आमच्या भागात नारळ हातात घेतला की व्यवहार ठरला. बैल असो, जमीन असो, सोयरीक असो. ज्याला ठरवायचे नसेल त्याने दोन्ही हात मागे ठेवायचे असतात. मी हात पुढे केला.

"त्या मेकॅनिकला फोन कर," मी नातीला म्हणालो. "येऊ नको म्हणावं."

तिने माझ्याकडे पाहिले. मग बाजूला जाऊन फोन केला. पैसे तिने मोबाइलवरून पाठवले. कागद रीतसर होते. मालकी बदलण्याच्या अर्जावर सह्या झाल्या. दुरुस्तीची बिले तेवढी सापडत नव्हती. शोधून पाठवून देतो, असे तो म्हणाला.

पावणेबारा वाजता आम्ही निघालो. गाडी ती चालवत होती. हे लिहिलेच पाहिजे, की पहिले काही मैल ती गाडी उत्तम होती. रस्ता खालून गेल्याचेही कळत नव्हते. मंचर ओलांडल्यावर नातीने डावा पाय पुढे सोडला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तो तसाच ठेवला. म्हणाली, "आबा, हादरा लागतच नाही." मी मान हलवली. थोडा वेळ मला असेही वाटले की माझे चुकले नव्हते.

कळंबच्या पुढे चढावर गाडीने एक हिसका दिला. मग दुसरा. इंजिन ओरडू लागले, वेग वाढेना. समोर पिवळा दिवा लागला. तिने गाडी कडेला घेतली, बंद केली, पुन्हा सुरू केली. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली होती. तिथून नारायणगावपर्यंत आम्ही रांगत गेलो. उसाच्या ट्रॉल्या आम्हाला मागे टाकून जात होत्या. एका ट्रॅक्टरवाल्याने हाताने खूण करून विचारले, दोर लावू का. नातीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, म्हणून मी नको म्हटले.

नारायणगावात एक गॅरेज उघडे सापडले. मेकॅनिकने यंत्र लावायच्या आधी नंबरपाटीकडे पाहिले आणि मग आमच्याकडे.

"पावणं, ही गाडी दिवाळीत आमच्याकडं आलती. गिअरबॉक्स गेलाय. रातभर थंड पडलं का सुरू व्हताना आवाज देतंय, आन् चढावर तापलं का हिसकं देऊन अडकतंय. मालकाला मी तवाच सांगितलं व्हतं."

त्याने तरीही यंत्र लावून पाहिले. दुरुस्त केलेली गिअरची पेटी पुण्याहून आणावी लागेल, आठ-दहा दिवस लागतील, आणि खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जाईल. तितके पैसे तिच्याकडे उरले नव्हते. माझ्या निवृत्तिवेतनातून ते या महिन्यात उभे राहणार नव्हते, पुढच्याही नाही.

नातीने आवाज चढवला नाही. ती गॅरेजच्या बाकावर पाय लांब करून बसली आणि म्हणाली, "आबा, फोन करा. गाडी परत घ्या म्हणा. त्यांना माहीत होतं."

मागणी न्याय्य होती. मी फोन लावला. काय बोलायचे ते मनात मांडून ठेवले होते: तीन वाक्ये, कोणाचा अपमान न करणारी. फोन म्हातारीने उचलला.

"पोचलात का दादा? पोरगा बाहेर गेलाय. मी मगाधरनं वाट बघतेय फोनची. पोरीचा पाय दुखला न्हाई ना?"

मी गॅरेजच्या शटरकडे पाहत होतो. तीन वाक्ये होती. त्यांतले पहिलेही बाहेर आले नाही.

"पोहोचलो," मी म्हणालो. "पाय दुखला नाही."

ती म्हणाली, वैनी असत्या तर आज त्यांना लई बरं वाटलं असतं. मी फोन ठेवला.

नातीने सगळे ऐकले होते. कालव्यावर असताना पाळीचे पाणी चोरणाऱ्या सख्ख्या चुलत्यावर मी अहवाल लिहिला होता, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तिने तेवढेच विचारले, "कालव्यावर तुम्ही असं केलं असतं का?"

नसते केले. मी ते तिला सांगितले नाही. परतीच्या जीपमध्ये ती पुढे बसली, मी मागे. गाडी गॅरेजच्या अंगणात राहिली.

संध्याकाळी सहा वाजता मी आमच्या आळीतल्या भाजीवाल्याकडे गेलो. त्याची पिकअप रोज पहाटे मंचरच्या बाजारात जाते. नातीला पुढच्या सीटवर जागा हवी, आणि तिथून कॉलेजच्या दारापर्यंत सोडायला हवे, असे सांगितले. किती दिवस, असे त्याने विचारले. परीक्षा होईपर्यंत, मी म्हणालो. तो तयार झाला. आबा, मोटार घेतली ऐकलं, असेही म्हणाला, आणि माझा चेहरा पाहून थांबला.

पिकअपच्या सीटमधला स्पंज बसून गेला होता, खालचा पत्रा हाताला लागत होता. मी घरी येऊन जुनी गादी उसवली, सीटच्या मापाचा तुकडा कापला, त्यावर गोणपाट शिवले. ते घेऊन पिकअपकडे परत गेलो; भाजीवाल्याने कंदिलाएवढा एक दिवा धरला. गादी सीटवर ठेवून नायलॉनच्या दोरीने तीन ठिकाणी आवळून बांधली. डाव्या बाजूला, जिथे तिची मांडी येईल, तिथे आणखी एक घडी घातली. मग स्वतः वर चढून बसून पाहिले, उतरलो, आणि मधली दोरी सोडून पुन्हा घट्ट बांधली.