नाना येईपर्यंत दाखले बंद

ही हकिगत मी इतकी वर्षं टाळली. निवृत्तीच्या समारंभात सांगता आली असती, पण तिथे माझा ‘संगणकाचे जाणकार’ म्हणून सत्कार चालला होता. गळ्यात हार असताना खरं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही.

धुळ्याला, देवपुरातल्या एका शाळेत मी हेडक्लार्क होतो. सगळ्या कपाटांच्या किल्ल्या माझ्या कमरेला असत. कॉम्प्युटरला मात्र किल्ली नव्हती, हे मला फार खटकायचं. मग देवानेच सोय केली. मशीनवर विंडोज सेव्हन टाकली आणि दाखल्यांचं आमचं जुनं सॉफ्टवेअर उघडेना. पडद्यावर एकच पाटी : ‘ॲक्सेस डिनाइड’.

जळगावहून इंजिनियर आला. म्हणाला, “नाना, हे सॉफ्टवेअर स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहायला जातं आणि नवी विंडोज त्याला लिहू देत नाही. रोज राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणा आणि पासवर्ड टाका. नाहीतर फोल्डरच्या सिक्युरिटीत जाऊन सगळ्यांना ‘फुल कंट्रोल’ देऊन टाकू. कायमची कटकट गेली.”

“रोजचंच बरं,” मी म्हणालो.

“अहो, पण दोन मिनिटांचं काम आहे.”

“म्हणूनच.”

दाखले काढायला एक ताई नव्याने लागल्या होत्या. हुशार बाई, पण नोकरी अजून कायम व्हायची होती. रोज सकाळी त्यांची हाक यायची, “नाना, येता का? परत नाही म्हणतंय.” मी आधी चहा संपवायचो. मग कॉम्प्युटरच्या डब्याला दोन थापट्या मारायच्या, चष्मा पुसायचा आणि पंज्याआड पासवर्ड टाकायचा. शिपाई हात जोडायचा, “नाना, तुमना बिगर हाई डबडं चालत नही!” दसऱ्याला त्याने डब्याला हार घातला आणि प्रसादाचा पहिला पेढा मला दिला.

एकदा ताईंनी विचारलं, “हे कायमचं नाही का नीट होणार?”

“मशीन जुनं आहे ताई. त्याला ओळखीचा हात लागतो.”

जूनमध्ये ऐन प्रवेशाच्या दिवसांत मी एरंडोलला एका लग्नाला गेलो. पंगत बसली आणि ताईंचा फोन येऊ लागला. चारदा वाजला. उचलला असता तर पासवर्ड सांगावा लागला असता. मी आणखी एक जिलबी घेतली.

इकडे पालकांची गर्दी, आरडाओरड. ताईंनी मशीन बंद-चालू करून पाहिलं, शेवटी त्या रडल्या. शिपायाने खिडकीवर पुठ्ठा टांगला : ‘नाना येईपर्यंत दाखले बंद.’

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मी राइट क्लिक केलं. दाखले निघू लागले. मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, “याला म्हणतात अनुभव!” आणि ताईंच्या फायलीवर शेरा मारला, ‘संगणक हाताळण्यास असमर्थ.’ त्या फायलीच्या कपाटाची किल्लीही माझ्याच कमरेला होती. मी फाईल नीट लावून ठेवली. ताईंची नोकरी कायम झाली नाही.

निवृत्तीच्या दिवशी, समारंभाआधी, मी सगळ्यांना ‘फुल कंट्रोल’ दिला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

गेल्या महिन्यात मी जळगावला ताईंच्या घरी गेलो. त्या एका पाइपच्या कारखान्यात गेटवर हाताने पास लिहितात. काय बोलायचं ते मी चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. त्यांनी चहा दिला, फरसाण दिलं. मी खिशात हात घातला, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “नाना, एक सांगायचं राहूनच गेलं होतं.”

“बोला ना.”

“त्या दिवशी तुम्ही लग्नात होता आणि मी चार-चार फोन केले. तुमचा जेवणाचा घास अडवला. कॉम्प्युटरला हात लावायची माझी लायकीच नव्हती. माफ करा मला.”

चिठ्ठी माझ्या मुठीत होती.

“असू द्या, ताई,” मी म्हणालो. “होतं असं.”