दौंडची गाडी आणि शिकागोचं विमान

"गाडी कुणासाठी थांबत न्हाई!"

मनगट उलटं करून घड्याळ बघायचं, हे वाक्य माइकवर टाकायचं आणि शिट्टी फुंकायची. शिरूर स्टँडवर आमच्या कंट्रोलर आप्पांचा दिवस असा जायचा. मी दौंड गाडीचा कंडक्टर. एकदा त्यांचे दौंडचे व्याहीच पिशवी सावरत पळत येताना दिसले, म्हणून डबल बेल द्यायला माझा हात आखडला. आप्पांनी खिडकीतून मलाच झापलं, "येतील मागच्या गाडीनं! सोड तू!" व्याही पुढे वर्षभर बोलले नाहीत.

असा माणूस आयुष्यात एकदाच थांबला, त्यांची आई गेली तेव्हा.

आप्पांचा धाकटा भाऊ शिकागोला. "दादा, निघालो. मी येईपर्यंत आईला हलवू नका," असं तो फोनवर म्हणाला. आप्पांनी मला मोबाइलवर अंतर काढायला लावलं. शिकागो ते मुंबई तेरा हजार किलोमीटर, मध्ये विमान बदलायचं, म्हणजे जवळजवळ एक दिवस.

"म्हंजी तेवढ्या अंतरात आपली दौंड गाडी दोनशेच्या वर येळा जायाची," आप्पा म्हणाले. "थांबू. लेकरू हाय तिचं."

म्हातारीला बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं. दुसऱ्या दिवशीची दुपार उलटली, भावकी कुजबुजायला लागली. मग मेसेज आला: सुट्टी मिळत नाही, तुम्ही उरकून घ्या. तो घरातून निघालाच नव्हता. आप्पांनी तो मेसेज मला दोनदा वाचायला लावला आणि उठून म्हणाले, "उचला."

तेव्हापासून स्टँडवरून विमान गेलं की ते मान वर करायचे. "बघ, ज्याला यायचं त्यो येतोय," म्हणायचे आणि थुंकायचे. भावाचा फोन त्यांनी पुन्हा घेतला नाही. लोक म्हणायचे, सोडून द्या आप्पा. मी कधी म्हणालो नाही. त्या बर्फाचं अंगणात आलेलं पाणी मी पुसलं होतं.

रिटायर झाल्यावर हृदयानं दगा दिला. दवाखान्यात त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मी गेलो की त्याला फोन कर. म्हणावं, थांबलोय. आन् थांबू नका."

"आप्पा, सख्खा भाऊ हाय."

"आईला सख्खा न्हवता?"

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती तुम्हाला शेवटी सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. मी शिकागोला फोन लावला. "थांबलोय," म्हणालो. आवाज जराही हलला नाही. दौंडहून आप्पांची लेक येईपर्यंत तेवढे थांबलो. तिनंच अग्नी दिला.

ह्या वेळी मात्र तो खरंच निघाला. मुंबईला उतरला, टॅक्सी केली, शिक्रापूरच्या ट्रकांत अडकला आणि घोडनदीच्या काठावर धावत पोचला तेव्हा आम्ही राख सावडत होतो, ती अजून कोमट होती. बॅगेला विमानाची चिठ्ठी तशीच लटकत होती.

"थांबणार होता ना तुम्ही?"

मी मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं. "गाडी कुणासाठी थांबत न्हाई."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण आप्पांची दुसरी गोष्टही सांगणं भाग होतं. घरी चूल पेटलेली नव्हती, शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली होती.

"चला जेवायला. आप्पा म्हणाले होते, आला तर उपाशी लावून देऊ नका. लांबून आलेला असंल."

पहिलं वाक्य त्यानं उभ्यानं सोसलं होतं. हे ऐकून तो राखेशेजारीच मटकन खाली बसला.