भाईंच्या घोंगड्यावर

ऐंशी उलटलेली माझी आत्या पिशवी घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "गाडी काढ. विट्याच्या पुढच्या धनगरवाडीत एक गोष्ट विचारायची राहिलीय." तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, इंग्रजांच्या राज्यात भूमिगत होते, पुढे लाल बावट्याचे आमदार झाले. लोक त्यांना भाई म्हणत. घरी ते पाहुण्यासारखे येत.

पुण्याहून सकाळी लवकर निघालात तर नाश्ता साताऱ्यात होतो. तिथून रहिमतपूरमार्गे विटा गाठा. उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडावं लागतं, पण घाई नसेल तर हीच वाट धरा. पुढे ऊस संपतो, माळ लागतो. विट्यातच जेवून घ्या, नंतर हॉटेलच्या नावानं बोंब आहे.

माळावरच्या धनगरवाडीत बिरूदादा भेटले. भूमिगत असताना भाई त्यांच्या वडिलांच्या मेंढरांमागे घोंगडं पांघरून हिंडत, पोलिसांच्या डोळ्यांदेखत. आमदार झाल्यावरही ते इथं येत आणि त्याच घोंगड्यावर बसून तंटे मिटवत. आजही वाडीत भांडण झालं की ते ठिगळाचं घोंगडं अंथरतात. त्यावर बसून खोटं बोलायचं नाही, एवढाच नियम.

हुलग्याचं गरम माडगं पिऊन झालं आणि आत्या म्हणाली, "दादा, ते घोंगडं अंथरा."

बिरूदादा चपापले. दोघं समोरासमोर बसले.

"भाई इथं इतके राहायचे. माझ्याबद्दल कधी काही बोलले?"

म्हाताऱ्यानं घोंगड्यावरून हात फिरवला.

"न्हाई, आक्का. पाण्याचं बोलायचे, कुळांचं बोलायचे. घरचं कवाच न्हाई. आमीबी इचारलं न्हाई. त्यास्नी लेक हाय, ह्ये लय उशिरा कळलं."

मला बिरूदादांचा राग आला. एक गोड थाप मारली असती तर काय बिघडलं असतं? आत्यानं मात्र नुसती मान हलवली.

परतताना साताऱ्याच्या अलीकडे आत्या म्हणाली, "दर जयंतीला कुणीतरी सांगतं, भाई सारखी तुमची आठवण काढायचे. मी हसून हार घालते. आज पहिल्यांदा कुणी खरं सांगितलं."

बघण्यासारखं म्हणाल तर त्या वाडीत काही नाही. किल्ला नाही, धबधबा नाही. आहे ते एक ठिगळाचं घोंगडं.

घरी चहा घेताना आत्या भिंतीवरच्या भाईंच्या फोटोकडे बघत होती.

"उतरवू का?" मी विचारलं.

"राहू दे. यंदा जयंतीला बोला म्हणाले तर मी बोलेन. फक्त खुर्ची नको म्हणावं, बिरूदादांचं घोंगडं आणा."